माचिस: चार शेडच्या गेमच्या प्रकल्प नोंदी

८ जून

आजपासून लिहून ठेवायचं ठरलं, कारण आम्ही तिघं तीन ठिकाणी बसून काम करून राहिलो. मी प्रतापनगरला, चित्रं काढणारा मित्र महालात, आणि त्याची बहीण, जी सी ह्या प्रोग्रामिंग भाषेत कोड लिहिते, ती पुण्यात नोकरीला. फोनवर ठरलेलं कुठेतरी एका जागी असलं पाहिजे.

तर प्रकल्प असा. जुन्या गेमबॉयवर (निन्टेंडोचं हातात धरायचं, हिरवट स्क्रीनचं गेम मशीन) चालेल असा गेम, त्यात जीव पकडायचे, पाळायचे, झुंजवायचे, मित्राशी अदलाबदल करायची, सगळा मजकूर मराठीत, सगळा नकाशा नागपूरचा. तात्पुरतं नाव माचिस. जीबी स्टुडिओ ह्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून राहिलो, ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २०१९ मध्ये आलं, आणि त्यातून खरी रॉम (मशीनवर चालणारी गेमची फाइल) निघते म्हणजे १९८९ च्या गेमबॉयवर पण चालेल आणि पोट्ट्यांच्या मोबाइलमधल्या एम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणारं ॲप) पण.

मर्यादा इथेच लिहून ठेवतो. स्क्रीन १६० बाय १४४ पिक्सेल. चार शेड, बस. सगळं चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या टाइलमध्ये, म्हणजे छोट्या चौकोनांमध्ये. स्प्राइट, म्हणजे हलणारी छोटी चित्रं, एका वेळी ४०, आणि एका आडव्या रेषेवर १० पेक्षा जास्त आले की उरलेले दिसतच नाहीत. आवाजाचे चार चॅनल. आणि ह्या मर्यादा दिखाव्यापुरत्या पाळायच्या नाहीत, म्हणजे आजच्या मोठ्या स्क्रीनवर जाड जाड चौकोन काढून जुनं दिसणारं काहीतरी बनवायचं असं नाही, रॉम खऱ्या मशीनवर चालली पाहिजे.

१२ जून

मित्राने फोनवर विचारलं, आपल्यापैकी गेमबॉय होता कोणाकडे? कोणाकडेच नाही. आमच्या अख्ख्या वर्गात नव्हता. मग आपण ज्याची आठवण म्हणून हे करून राहिलो ती आठवण आहे कोणाची? प्रश्न एकदम बरोबर आहे आणि ह्याचं उत्तर नसेल तर गेम फक्त हिरव्या रंगाचा एक नमुना होऊन बसेल, म्हणून आज काम बाजूला ठेवून हेच लिहितो.

आमच्याकडे काय होतं ते बघू. २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीत लागायला लागलं. चिप्सच्या पाकिटात टॅझो यायचे आणि मधल्या सुट्टीत त्यांची अदलाबदल चालायची, दोन साधे देऊन एक चमकणारा. ब्रिक गेम होता. टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम होता. आणि मग धरमपेठेत तासावर पैसे घेणारा सायबर कॅफे, तिथे कोणीतरी व्हिज्युअलबॉय ॲडव्हान्स टाकून ठेवलेलं, आणि त्यात पोकेमॉन रेड. स्पेसबार दाबून ठेवला की एम्युलेटर पळायला लागतो, तेवढ्याच पैशात जास्त खेळून होते, त्यामुळे आम्ही सगळे स्पेसबारवर अंगठा ठेवूनच खेळायचो आणि आजही मला त्या गेमचं संगीत आठवते ते पळत्या वेगातच. मूळ वेगात ऐकलं तेव्हा ते इतकं शांत आहे हे कळलं.

हिरवट स्क्रीन आमच्यापैकी कोणी बघितलीच नाही. दोन गेमबॉय जोडायची लिंक केबल तर दूरच. त्या पहिल्या गेममध्ये कडाब्रा, मचोक, ग्रॅव्हलर आणि हॉन्टर हे चार जीव फक्त दुसऱ्याला दिले तरच पुढच्या रूपात जातात, आणि कॅफेत देणार कोणाला, कसं देणार, म्हणून आमचा हॉन्टर शेवटपर्यंत हॉन्टरच राहिला. गेंगार आम्ही टीव्हीवर बघितला, स्वतःचा असा कधीच मिळाला नाही.

तरीही ओढ आहे आणि ती खरी आहे. माझं म्हणणं असं की ती ओढ पिक्सेलची नाहीच. त्या गेममध्ये जागा सोडलेली होती आणि ती पोरांनी भरायची होती. चित्र एवढंसं, म्हणून उरलेला प्राणी डोक्यात काढावा लागायचा. माहिती एवढीशी, म्हणून अफवा लागायच्या. एसएस ॲन जहाजाच्या धक्क्यावर एक ट्रक उभा आहे आणि त्याच्याखाली म्यू हा सगळ्यात दुर्मीळ जीव आहे ही अफवा जगभर फिरली तशी ती आमच्या कॅफेत पण पोचली होती, ट्रक खरंच आहे, खाली काहीही नाही, पण तिथे पोचायची धडपड केलेले पोट्टे मी स्वतः बघितले. आणि सगळ्यात मोठी जागा म्हणजे संग्रह अर्धाच तुमच्याकडे, अर्धा दुसऱ्या पोराच्या हातात. आमच्याकडे ती शेवटची जागा रिकामीच राहून गेली, म्हणून आमची ओढ कदाचित केबल असलेल्यांपेक्षा जास्तच आहे.

आजकालचे दोन जुन्या धाटणीचे गेम पण खेळून बघितले, कोरोमॉन (२०२२) आणि कॅसेट बीस्ट्स (२०२३). दोन्ही मनापासून केलेले आहेत, कॅसेट बीस्ट्समध्ये कुठल्याही दोन जीवांना एकत्र करता येते ही कल्पना तर भारीच. पण त्यात मला माझ्या शेजारच्या पोराची गरज पडत नाही. आपल्या गेममध्ये पडली पाहिजे. हा नियम आता ठरला, बाकी सगळं ह्यावरून ठरवायचं.

२२ जून

पाऊस पडला आणि भाच्याला घेऊन गोरेवाड्याच्या बाजूला गेलो. मृगाचे किडे दिसले, लाल मखमलीचे, ओल्या मातीवर चालत होते. आठ पाय असतात त्याला, म्हणजे हा कोळ्याच्या नात्यातला, किडा म्हणायचं ते आपलं सवयीने. भाच्याने मोजूनच घेतले पाय.

पोकेमॉन ज्याच्या डोक्यातून आला तो सातोशी ताजिरी, तो टोकियोजवळच्या माचिदा भागात वाढला, लहानपणी किडे गोळा करायचा, मग तिथली शेतं आणि डबकी जाऊन इमारती आल्या आणि किडे कमी झाले. दोन गेमबॉय जोडणारी केबल बघून त्याला वाटलं की हिच्यातून किडे इकडून तिकडे चालत जातील. १९९० च्या सुमारास काम सुरू झालं, फेब्रुवारी १९९६ मध्ये रेड आणि ग्रीन जपानमध्ये आले. म्हणजे हा गेम ज्या दिवशी नवा होता त्या दिवशी पण तो एका हरवलेल्या गोष्टीबद्दलच होता. हे वाचल्यापासून मला आमच्या गेमबद्दल एकदम धीर आला, कारण नागपुरात ती शेतं आणि डबकी अजून पूर्ण गेलेली नाहीत, पहिल्या पावसात घराबाहेर पडलं की सापडतात.

तर पकडायला पोकेमॉनसारखा चेंडू नाही, माचिसची डबी. आम्ही सगळ्यांनी किडे त्यातच ठेवले, वर टाचणीने भोकं पाडून. झाकण सरकते, आतला जीव हलतो, झाकण बंद राहिलं तर पकडला. सरकणाऱ्या झाकणाचं ॲनिमेशन तीन फ्रेममध्ये बसलं आणि ते इतकं बरोबर दिसून राहिलं की मित्राने रात्री दीड वाजता व्हिडिओ पाठवला.

तीन मूळ प्रकार पण आजच ठरले, उन्ह, पाऊस आणि माती. पाऊस उन्हाला हरवतो. माती पावसाला हरवते, पिऊन टाकते. उन्ह मातीला हरवते, कारण आपली काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की हात जाईल आत, आणि पावसात फुगून पुन्हा मिटते. विदर्भातल्या पोराला हे शिकवावं लागणार नाही, तक्ता पाठ करायची गरजच नाही.

२९ जून

संत्र्याच्या झाडावरची अळी घेतली. ही नोंद मोठी होणार आहे कारण मला ह्याचं फार अप्रूप वाटून राहिलं.

काटोलकडे मित्राच्या नातेवाइकांची बाग आहे, तिथे पानांवर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या दाखवल्या त्यांच्या काकांनी. लहान असताना ही अळी अगदी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट आणि वर पांढरा डाग, म्हणजे कोणी खाऊ नये. मोठी झाली की हिरवीगार होते, पानात मिसळून जाते. आणि तिला डिवचलं की डोक्यामागून लालसर नारिंगी दोन फाट्यांचं शिंग बाहेर काढते आणि त्याचा घाण वास येतो. काका म्हणाले, "बाबू, आमच्यासाठी ही कीड आहे, तुमच्यासाठी हिरो दिसून राहिली." शेतकऱ्याचं म्हणणं पण गेममध्ये आलं पाहिजे, त्यासाठी बागेतल्या काकांचं पात्र घातलं, ते तुम्हाला ह्या अळ्या वेचायला सांगतात आणि किती वेचल्या त्याप्रमाणे माचिसच्या डब्या देतात.

आता बघा. पहिल्या पोकेमॉनमधली जी हिरवी अळी आहे, कॅटरपी, तिच्या डोक्यावर लाल फाटा आहे, आणि यलो आवृत्तीतल्या पोकेडेक्समध्ये (गेममधली जीवांच्या माहितीची वही) लिहिलं आहे की त्याला हात लावला की ती घाण वास सोडते. ही त्याच घराण्यातल्या अळीची गोष्ट आहे. म्हणजे कॅफेत आम्ही जी जपानी अळी पकडत होतो तिची बहीण काटोलच्या बागेत पान खात होती आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही. नागपूरच्या पोराला हा गेम परका वाटायचं काहीच कारण नव्हतं.

आमच्या गेममध्ये तिची चार रूपं: शिट्टू (विष्ठेसारखी दिसणारी), हिरवू, टांगू (झाडाला लटकलेला कोश) आणि लिंबोणी (फुलपाखरू). शिट्टू नाव ताईला आवडलं नाही, भाच्याला इतकं आवडलं की ते आता बदलणं शक्य नाही.

६ जुलै

फॉन्ट. ज्याची सगळ्यात जास्त भीती होती ते.

इंग्रजी अक्षर ८ बाय ८ मध्ये आरामात बसते. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. आठ पिक्सेलमध्ये शिरोरेखा एक, अक्षर सहा, उरला एक, त्यात "कीं" कसं काढणार. जीबी स्टुडिओला देवनागरीची जुळणी स्वतःहून जमत नाही, त्यामुळे एक मार्ग असा होता की प्रत्येक संवादाचं चित्रच करून टाकायचं, पण मग मेमरी लगेच संपते, गेमबॉयच्या ८ केबी व्हिडिओ मेमरीत एका वेळी ३८४ टाइलच राहतात आणि त्यातच नकाशा, प्राणी, माणसं सगळं.

उत्तर मूळ गेममध्येच सापडलं आणि हे बहिणीने शोधलं, श्रेय तिचं. जपानी रेड ग्रीनमध्ये मजकूर फक्त काना ह्या उच्चारांच्या लिपीत आहे, कांजी म्हणजे चित्रलिपीतली अक्षरं नाहीत. त्या लिपीत "का" वर दोन बारीक रेघा दिल्या की "गा" होतो. त्या रेघा ८ बाय ८ मध्ये नीट बसत नाहीत म्हणून त्यांनी काय केलं, तर त्या रेघांची वेगळी टाइल केली आणि ती अक्षराच्या वरच्या रांगेत ठेवली. म्हणूनच संवादाच्या चौकटीत दोन ओळींच्या मध्ये एक रांग मोकळी असते. इंग्रजीत त्या रेघांची गरज नाही पण मांडणी तीच राहिली, आम्ही कॅफेत बघितलेलं ते मोकळं अंतर म्हणजे दुसऱ्या लिपीसाठी सोडलेली जागा होती. आणि ती आता मराठीला कामी येऊन राहिली!

तर तिने इंजिनचा सी कोड बाहेर काढून त्यात हे बसवलं. खालच्या रांगेत मूळ अक्षर, वरच्या रांगेत मात्रा, वेलांटीचा गोल, अनुस्वार, रफार. उकार खाली लागतो, आणि पहिल्या ओळीचा उकार आणि दुसऱ्या ओळीची मात्रा एकाच मोकळ्या रांगेत येतात, म्हणून त्या टाइलचे वरचे तीन पिक्सेल उकाराचे आणि खालचे चार मात्रेचे, मध्ये एक रिकामा, आणि दोन्ही एकत्र आले तर त्या जोडीची स्वतंत्र टाइल. अशा जोड्या हिशोब केला तर फार होत नाहीत. जोडाक्षरांचं असं की गेममधला सगळा मजकूर एका फाइलमध्ये आहे, त्यातून जी जोडाक्षरं खरोखर येतात तेवढ्याच टाइल केल्या, आणि जिथे एखादं जोडाक्षर एकदाच येते तिथे वाक्यच बदललं. ह्याने भाषा पण सुधारली, खरंच, "प्रशिक्षण केंद्र" गेलं आणि "आखाडा" आला.

पहिलं वाक्य जे मशीनवर धड वाचता आलं ते होतं "काहून बे, झुंजतो का?" मी त्या स्क्रीनचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. आईने लगेच उत्तर दिलं, "वाचता आलं." मला ह्यापेक्षा मोठी पावती नको.

१३ जुलै

नकाशा. पहिल्या पोकेमॉनचा नकाशा जपानच्या खऱ्या कांतो प्रदेशावरून घेतला आहे, आम्ही पण खऱ्यावरूनच. नागनदी हा मुख्य रस्ता. अंबाझरीपासून सुरू, मग सीताबर्डी, महाल, आणि पूर्वेला शेतांकडे. फुटाळा, महाराजबाग, सेमिनरी हिल्स, गोरेवाडा ह्या फाटे फुटलेल्या जागा. झिरो माईलचा खांब आणि ते चार घोडे टाइलमध्ये काढून झाले, घोडे चांगले आले. मेट्रो नाही घेतली. नकाशा आमच्या कॅफेच्या वर्षांचा आहे.

२७ जुलै

प्राणी आणि त्यांचे आवाज.

समोरून दिसणारा प्राणी जास्तीत जास्त ५६ बाय ५६, म्हणजे ७ बाय ७ टाइल. आपला स्वतःचा प्राणी पाठमोरा असतो, तो जुन्या गेममध्ये ३२ बाय ३२ चाच साठवलेला असायचा आणि दाखवताना दुप्पट करायचे, म्हणून तो इतका भरड दिसतो. मित्राचं म्हणणं होतं की आता जागा आहे, पाठमोरा पण बारीक काढू. मी नाही म्हटलं आणि त्याला पटवायला बराच वेळ गेला. तुमचा स्वतःचा प्राणी तुम्हाला अस्पष्ट दिसतो आणि समोरच्याचा स्वच्छ, आणि तरी तुम्ही जीव लावता तो पाठमोऱ्या अस्पष्टालाच. ही जागा सोडलेली आहे, ती भरायची नाही. शेवटी त्याने गारव्या काढला, कूलरच्या ताटीत राहणारा, ओल्या गवताच्या केसांचा, आणि पाठमोरा फक्त केसांचा पुंजका दिसतो. तो बघून वाद संपला.

आवाजाबद्दल एक फार आवडलेली गोष्ट. पहिल्या गेममध्ये १५१ जीव, पण मूळ ओरडणी फक्त ३८. तेच आवाज कमी जास्त उंचीवर, लांब किंवा आखूड करून सगळ्यांना वाटले आहेत. आम्ही १२ मूळ आवाजांवर ४० जीव बसवून राहिलो. काजव्याला आवाजच नाही दिला, त्याच्या जागी स्क्रीन दोनदा उजळते.

संगीतात नॉइज चॅनल डफड्याला. आवाज पटकन तुटला पाहिजे, शेपूट राहिलं तर पाऊस पडल्यासारखं वाटते. सनईला पल्स चॅनल, १२.५ टक्क्यांच्या ड्युटीवर (लाट आठव्या भागापुरतीच वर राहते), तिथे तो नाकातला बारीक आवाज येतो. वेव्ह चॅनलमध्ये ३२ नमुने, प्रत्येकी ४ बिट, तो खर्जाला. सगळ्या चाली मूळ वेगात आणि स्पेसबारच्या वेगात अशा दोन्ही ऐकून पास करायच्या, कारण पोट्टे गेम पळवणारच.

१० ऑगस्ट

दोन आवृत्त्या. रेड आणि ग्रीन अशा दोन करायच्या हा सल्ला निन्टेंडोच्या शिगेरू मियामोतोंचा मानला जातो, प्रत्येकात काही जीव नाहीत, म्हणून पूर्ण संग्रहाला दोन माणसं लागतात. आमच्या दोन आवृत्त्यांची नावं काळी आणि पिवळी. नागपूरच्या माणसाला पुढे सांगायलाच नको. बाहेरच्यांसाठी एवढं: तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इथे मारबतींची मिरवणूक निघते, काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून, मोठाले पुतळे, सोबत बडगे, आणि लोक ओरडतात की इडा पिडा घेऊन जा गे मारबत, शेवटी दहन. दोघी वेगवेगळ्या भागातून निघतात आणि वाटेत भेटतात, ती भेट बघायला गर्दी तुटून पडते. आमच्या दोन आवृत्त्या पण भेटण्यासाठीच आहेत.

२८ जीव दोन्हीकडे, ६ फक्त काळीत, ६ फक्त पिवळीत. मारबत स्वतः गेममध्ये पकडता येणार नाही. भाचा खूप मागे लागला, "मामा, एक तरी सीक्रेट ठेव ना, सगळ्यात पॉवरफुल." नाही. ती डबीत घालायची वस्तू नाही, लोकांचं दुःख घेऊन जाते ती.

आता अदलाबदल. केबल कोणाकडे असणार नाही, सगळे मोबाइलवर किंवा स्वस्तातल्या हातगेमवर खेळतील. इंटरनेटवरून करता येईल असं नाहीच, आणि असतं तरी नको. म्हणून चिठ्ठी. जीव द्यायचा असेल तर गेम तुम्हाला आठ अक्षरांचा कोड देतो, तो कागदावर लिहून मित्राला द्यायचा, तो त्याच्या गेममध्ये टाकतो, डबी उघडते.

कोडची अक्षरं ठरवताना जे निघालं त्याने मी खुर्चीतून उठलोच. क पासून ळ पर्यंत मराठी व्यंजनं ३४. त्यातून ङ आणि ञ काढले, जे एरवी पण कोणी लिहीत नाही, की उरतात बरोब्बर ३२. आणि ३२ म्हणजे पाच बिट, एकही अक्षर वाया नाही, एकही कमी नाही. आठ अक्षरं म्हणजे ४० बिट: कोणता जीव ६, पातळी ६, ताकद ८, देणाऱ्याची खूण ८, काळी की पिवळी १, आणि उरलेले ११ तपासणीला, म्हणजे चुकीचं अक्षर टाकलं तर गेमला कळते. मात्रा नाही, उकार नाही, त्यामुळे कोडचं पान १६ बाय १६ च्या मोठ्या अक्षरात करता आलं. ते लागणारच होतं, कारण ८ बाय ८ मध्ये घ आणि ध, भ आणि म सारखेच दिसतात.

कोड बनवला की जीव तुमच्याकडून गेला. चिठ्ठी हरवली तर तोही हरवला. बहिणीचं म्हणणं पोरं रडतील, आणि एकच चिठ्ठी दोघांनी वापरली तर ते आपल्याला थांबवता येणार नाही. दोन्ही खरं आहे. पण चिठ्ठी सांभाळायची आणि कोणाला द्यायची हे त्यांचं त्यांनी ठरवू दे, तिथे आपण यायचं नाही.

२३ ऑगस्ट

आज मारबत. इतवारीत सकाळपासून उभे होतो, काम काही नाही केलं. पिवळी अगदी जवळून बघितली. गर्दीत डफड्याचा खरा ठोका मोबाइलवर टेप केला आणि आमचा नॉइज चॅनलवाला त्यापेक्षा फार मऊ आहे हे ऐकू आलं, सुरुवातीचा धक्का जास्त कडक पाहिजे.

३१ ऑगस्ट

गणपतीसाठी ताईकडे सगळी पोरं जमली होती म्हणून दोन्ही रॉम त्यांच्या हातात दिल्या, काही काळी, काही पिवळी, आणि मुद्दाम काहीच समजावून सांगितलं नाही.

जे बघितलं ते लिहितो. चार शेडबद्दल एकानेही तक्रार केली नाही, ह्या पोरांनी जुनं काही बघितलेलं नाही, तरी त्यांना ते जुनं वगैरे वाटलंच नाही. एकाने विचारलं, "गारव्याचा कलर कोणता आहे?" आणि मी काही बोलायच्या आत तिघांनी तीन रंग सांगितले आणि भांडायला लागले. मित्र आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. जूनमध्ये जे लिहिलं होतं ते हेच, आणि ते आमच्या आठवणीवर अवलंबून नाही, हे मला आज पहिल्यांदा खात्रीने कळलं. आम्हाला वाटलं होतं आपण आपलं लहानपण परत आणून राहिलो, पण त्यांना ते लागतच नाही, त्यांचं त्यांचं आत्ता चालू आहे.

दुपारपर्यंत चिठ्ठ्या सुरू झाल्या. आरतीच्या पुस्तकाच्या मागे, हातावर पेनने, एकीने तर मोदकाच्या खोक्याच्या झाकणावर लिहिली. दोन जीव देऊन एक घेतला असे सौदे झाले. शेजारच्या एका मुलीने मात्र नीट मुद्दा काढला. तिने तिच्या मखमलचं (आमचा मृगाचा किडा) नाव बदलून "बदक" ठेवलं होतं, आणि भाच्याला दिल्यावर तो पुन्हा मखमलच झाला. ती म्हणाली, "हा माझा नाहीच, दुसराच आला." आणि तिचं एकदम बरोबर आहे. मूळ पोकेमॉनमध्ये दिलेल्या जीवाचं टोपणनाव त्याच्यासोबत जायचं आणि घेणाऱ्याला ते बदलता यायचं नाही, मित्राने ठेवलेलं नाव तुमच्या संग्रहात कायमचं राहायचं. हे पाहिजेच.

७ सप्टेंबर

नाव कोडमध्ये बसवलं. टोपणनाव चार अक्षरांपर्यंत, त्याच ३२ मधली अक्षरं, म्हणजे बिनमात्रेची: बदक, मगर, गजर, झटपट. चार गुणिले पाच म्हणजे २० बिट, चार अक्षरं वाढली, कोड आता बारा अक्षरांचा. नाव किती लांब आहे ते सांगायला दोन बिट लागतात, ते तपासणीच्या ११ मधून घेतले, ९ उरले. चुकून टाकलेला कोड खरा निघायची शक्यता ५१२ मध्ये एक, चालेल.

बहिणीला वाटलं मात्रा नाही म्हटलं तर पोरं नाराज होतील. उलट झालं, भाच्याने फोनवर बिनमात्रेच्या शब्दांची यादीच वाचून दाखवली आणि अजून चालूच आहे त्याची.

१४ सप्टेंबर

काळी आणि पिवळी दोन्हीच्या रॉम पक्क्या केल्या. डफड्याचा ठोका बदलला. सेव्ह एकच ठेवला, जुन्यासारखा, पण जीव ठेवायची खोकी आपोआप बदलतात, जुन्या गेममध्ये २० जीव झाले की हाताने खोकं बदलावं लागायचं आणि विसरलं तर पकडताच यायचं नाही, तो त्रास कोणाच्या आठवणीसाठी जपायची गरज नाही.

अफवांसाठी एक जागा केली, महाराजबागेच्या कुंपणाच्या आत एक बंद खोली आहे, दाराला कुलूप, किल्ली गेममध्ये नाही. आत काय आहे ते आम्ही तिघांनीच ठरवलं आहे आणि इथेही लिहून ठेवत नाही.

राहिलेलं: केबलची सोय होते का ते दिवाळीनंतर बघायचं. काटोलच्या काकांना अळीवाला भाग दाखवायचा, त्यांचे संवाद त्यांनीच तपासायचे. आणि वाटताना लक्ष ठेवायचं की एका घरात दोन भावंडं असतील तर एकाला काळी, एकाला पिवळी, पण एकटंच पोर असेल तर त्याला दोन्ही द्यायच्या नाहीत, एकच द्यायची.